हौशीरामचा तिसरा पाय

डिंगोऱ्याच्या स्टँडवर एसटीतून उतरलं की समोर चहाच्या हॉटेलाला लागून एक पत्र्याचं दुकान होतं आणि त्याच्यावर पाटी होती, ‘हौशी फोटो स्टुडिओ’. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, ‘हलला तर पैसे परत’. आता फोटोवाले पाटीवर काय लिहितात ते तुम्हाला ठाऊक आहे. पासपोर्ट फोटो तातडीनं मिळतील, लग्नाच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील. असली हमी कोण शहाणा देतो? पण हौशीरामनं एकोणीसशे ब्याऐंशी साली ती लिहिली आणि पुढं सोळा वर्षं कुणा मायच्या लालाला ते पैसे मागता आले नाहीत.

त्याचा कॅमेरा रशियन बनावटीचा, जुना आणि जड. दिवसभर गळ्यात अडकवला की संध्याकाळी मान आपली आहे की उसनी आणलेली, तेच कळायचं नाही. पण त्या कॅमेऱ्यात हौशीरामनं टिपलेल्या माणसाच्या मिशीचा केसन् केस मोजून घ्यावा. ओतूरकडची माणसं लग्नाची तारीख काढायला भटजीकडं जाण्याआधी हौशीरामकडं येत. तो मोकळा नसला तर मुहूर्त पुढं ढकलत. थापा नाही मारत, अशी दोन लग्नं गावाला आजही माहीत आहेत.

आणि त्याचा खरा अभिमान लग्नांचा नव्हताच. तो होता फेरीचा. दरवर्षी भाताची झोडणी उरकली, थंडी पडली, की हौशीराम जुन्नरहून पश्चिमेकडची एसटी धरायचा. आपटाळ्याच्या पुढं जिथवर गाडी जाईल तिथवर गाडीनं आणि तिथून आठ दिवस पायी. डोंगरातल्या एकेका वाडीवर जायचं, घराघरातल्या माणसांचे फोटो काढायचे आणि मागच्या वर्षीचे वाटायचे. ज्याला जमेल तो पैसे देई, नाहीतर तांदूळ. त्या वाड्यांवर दुसरा फोटोवाला कशाला मरायला चढतोय? म्हाताऱ्या बाया नव्या लुगड्याची घडी हौशीराम येईपर्यंत मोडत नसत. घरोघरच्या भिंतीवर त्यानंच काढलेली माणसं टांगलेली होती. चढ चढून वर गेल्यावर त्या भिंती बघितल्या की त्याची छाती दोन बोटं फुगायची. का फुगू नये?

तर असा हा माणूस, आणि अठ्ठ्याण्णव साली त्याचा हात हलायला लागला.

सुरुवात चहापासून झाली. कपबशी हातात घेतली की बशीत किणकिण वाजायची. बायको इंद्रायणी शहाणी बाई. तिनं एक शब्द न काढता कपबशी फडताळात टाकली आणि स्टीलच्या पेल्यात निम्माच चहा द्यायला सुरुवात केली. हौशीराम गुपचूप जुन्नरच्या डॉक्टरकडं जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, “काही घराण्यांत असतं हे. हळूहळू थोडं वाढेल. जिवाला धोका नाही.” हौशीराम मनात म्हणाला, जिवाला कुणी विचारलंय डॉक्टर, धंद्याचं बोला.

उन्हात काही कळायचं नाही. लख्ख उजेडात कॅमेऱ्याचं शटर इतक्या झटक्यात उघडतं-मिटतं, की हाताला हलायला सवड मिळत नाही. पण सावलीत, पडवीत, झाडाखाली शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि मग चोरी पकडली जाते. त्या वर्षीच्या फेरीतल्या एका रोलमधले छत्तीसपैकी अकरा फोटो हलले. अकरा! हौशीरामनं ते ट्रंकेच्या तळाशी घातले आणि त्या अकरा घरांना एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला, ‘रोल खराब निघाला, पुढच्या फेरीला पुन्हा काढतो.’ आयुष्यात पहिल्यांदा तो गिऱ्हाइकाशी खोटं बोलला होता.

त्या अकरांत उंबराच्या वाडीवरच्या गेणभाऊची बायको चिमाबाई होती. पडवीत बसून तांदूळ निवडता निवडता काढलेला तिचा फोटो. पुढच्या श्रावणात तिला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. निरोप खाली आला तेव्हा हौशीराम दुकानात एका पोराची बोर्डाच्या परीक्षेसाठीचा फोटो कापत बसला होता. दरवर्षी कॅमेरा बघून चुलीमागं लपणाऱ्या चिमाबाईचा जन्मात एकच फोटो निघाला होता आणि तो याच्या ट्रंकेत तळाशी पडला होता, नाक-डोळे नसलेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाटी खाली उतरवली. लोकांनी विचारलं, “हौशीभाऊ, पाटी कुठं गेली?” तो म्हणाला, “रंग द्यायचाय.” रंग द्यायचा तो दिला नाहीच. पाटी घरात ट्रंकेमागं, भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

दिवाळीत काही कामानिमित्त तो नाणेघाटाकडं गेला होता. तिथं पुण्याची चार पोरं फिरायला आलेली. त्यातल्या एकाचा कॅमेरा एका काठीवर बसवलेला. काठी एकच, पाय एकच, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची. हौशीरामनं विचारलं, “हे काय म्हणायचं, पावणं?”

“मोनोपॉड, काका. हात हलू नये म्हणून. बघायचंय?”

हौशीरामनं काठीवर हात ठेवून डोळा लावला. समोर जीवधनचा कडा होता. गेलं वर्षभर कॅमेऱ्यातून दिसणारी प्रत्येक गोष्ट थरथरत आली होती. आज कडा जागच्या जागी उभा राहिला. हौशीरामनं डोळा काढलाच नाही. शेवटी पोरगं म्हणालं, “काका, आम्हाला उतरायचंय.” हौशीरामचे डोळे भरले होते आणि ते पोराला दिसू नयेत म्हणून तो उगाच कपाळावरचा घाम पुसत बसला.

तुम्ही म्हणाल, स्टुडिओत त्याच्याकडं तीन पायांचा स्टँड असेल की. होता. लोखंडी, पाच किलोचा. तो पाठीवर घेऊन आठ दिवस डोंगर चढायचा म्हणजे वरच्या पहिल्या वाडीवर हौशीरामचाच फोटो भिंतीवर लावायची वेळ. शिवाय डोंगरातल्या पडवीत एकीकडं करडू, एकीकडं कणगी, मधे चार पोरं. तीन पाय पसरायला जागा कुठं आहे? पाहिजे होता तो एकच पाय, अंगानं हलका आणि खिशाला झेपणारा. पुढची फेरी महिन्यावर आली होती. गेणभाऊची म्हातारी आई धोंडाबाई अजून होती, नव्वदीला टेकलेली. तिचा फोटो या खेपेला निघायलाच हवा होता आणि तो हलता कामा नये होता. नाहीतर पाटीला कायमचं भिंतीकडं तोंड करून बसावं लागणार, हे हौशीराम पक्कं समजून होता.

पुण्याला एकटंच जायचा त्याचा बेत होता. पण घरात थोरला भाऊ भिका होता. भिका दहा वर्षांनी मोठा, शेती बघणारा, आणि बैल पारखण्यात अख्ख्या तालुक्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात भिकानं एखाद्या बैलाच्या पाठीवर थाप मारली की मालक तिथल्या तिथं भाव वाढवायचा.

“पुण्याला कशापायी?” भिकानं विचारलं.

“कॅमेऱ्याला एक काठी आणायचीय, दादा.”

“काठी? आरं, घरामागं कळकाचं बेट हाय की!”

“तसली न्हाई. एका पायाची असती, नळीची.”

“पाय हाय व्हय तिला?” भिकानं लगेच टोपी डोक्यावर चढवली. “मंग मी येतो. ह्या घरात पाय असलेली वस्तू माझ्याबिगर घ्यायची न्हाई.”

हाताचं भिकाला ठाऊक नव्हतं, निदान हौशीरामची तशी समजूत होती. पण भिका निघाला म्हणजे निघाला.

पुण्यातलं ते दुकान चकचकीत. काचेच्या कपाटात कॅमेरे, थंडगार हवा, आणि गल्ल्यावर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणलेले मालक. भिकाचं धोतर आणि उपरणं बघून ते म्हणाले, “पत्ता चुकलात का?”

“न्हाई,” भिका म्हणाला. “एकपायी जनावर बघायला आलोय. काढा.”

मालकांनी तीन मोनोपॉड काढून काचेवर ठेवले. पहिला परदेशी. काळाकुळकुळीत, उचलला तर हातात काही आहे असं वाटू नये इतका हलका. हौशीरामचा जीव त्याच्यावर बसला तो बसलाच. भिकानं चिठ्ठीवरची किंमत वाचली आणि तो दोन बोटांनी परत मालकांकडं सरकवला. “हा राजवाड्यात बांधायचा. आमचा गोठा बारका हाय.”

दुसरा पाच नळ्यांचा होता. मिटला की पिशवीत मावेल एवढा, सगळ्यांत स्वस्त. नळ्या आवळायला प्रत्येक सांध्यावर एक चाप. हौशीराम म्हणाला, “दादा, ह्यो बरा दिसतोय. हलका हाय, बसमधी न्यायला सोपा.”

बैल घ्यायचा म्हणजे भिका कधी शिंगं आणि रंग बघत नसे. त्याच्या बाजारातला नियम होता, आधी पाय, मग पाठ, मग बाकीचं. त्यानं मोनोपॉड पूर्ण लांब केला, फरशीवर उभा धरला आणि डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळा भार टाकला. सर्रकन खालची नळी आत गेली.

“गुडघ्यात मोडतोय,” भिका म्हणाला.

“अहो, हा कॅमेऱ्यासाठी आहे, तुम्ही बसायला नव्हे,” मालक कळवळले.

“आमचा कॅमेरा बघितला न्हाई तुमी अजून.”

हौशीरामनं पिशवीतून तो रशियन ऐवज काढून काचेवर ठेवला. मालकांनी चष्मा वर सरकवला. “हा अजून चालतो?”

“धावतो,” भिका म्हणाला.

मग त्यानं हौशीरामला ताठ उभं केलं आणि मोनोपॉड शेजारी लावला. तो याच्या गळ्यापर्यंतच येत होता. “वाकून फोटो काढाया लागला तर दोन वर्सात कंबर जाईल तुझी. आन् सांधं बघ किती. जितकं सांधं जास्ती, तितकं जनावर खिळखिळं.” बघा, ज्यानं आयुष्यात कॅमेऱ्याला बोट लावलं नव्हतं तो माणूस हे बोलत होता. मालकांनी आता हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

तिसरा मोनोपॉड चार नळ्यांचा, साधा ॲल्युमिनियमचा, दिसायला काही खास नाही. वजन अर्ध्या किलोच्या आत. लांब केला तो हौशीरामच्या कपाळापर्यंत आला. भिकानं भार टाकला, तो जागचा हलला नाही. तळाला रबर आणि रबर फिरवून वर घेतलं की आतून लोखंडी अणी, खडकावर रुतणारी. वर मनगटात अडकवायला पट्टा. नळ्या आवळायला चाप नव्हते, जाड रबरी कडी होती, पिळून घट्ट करायची.

इथं भिकानं एक गोष्ट केली. त्यानं उजवा हात हवेत धरला आणि मुद्दाम थरथरवला. तसल्या थरथरत्या हातानं त्यानं आधी दुसऱ्या मोनोपॉडचा चाप उघडून बघितला. चापानं बोटाला कडकडून चिमटा घेतला. भिकानं बोट तोंडात घातलं. मग त्याच थरथरत्या हातानं तिसऱ्याचं कडं धरलं आणि पिळलं. कडं फिरलं, घट्ट बसलं. त्यानं पुन्हा सोडवलं, पुन्हा पिळलं, असं तीनदा.

“ह्यो घे,” भिका म्हणाला, आणि हौशीरामकडं न बघता त्यानं कॅमेरा पिशवीत भरायला घेतला.

हौशीराम खांबासारखा उभा. दादाला ठाऊक आहे! किती दिवस ठाऊक आहे? लाज म्हणावी तर लाज, आणि त्याच दमात छातीवरचं ओझं कुणी उतरून घेतल्यासारखं वाटलं.

किमतीचा सौदा मात्र भिकानं आपल्या रीतीनं केला. बैलबाजारात भाव कधी तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबून सांगतात, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. भिकानं सवयीनं खांद्यावरचं उपरणं काढलं, मालकांच्या हातावर टाकलं आणि खालून त्यांची बोटं धरली.

“अहो, अहो! हात सोडा! हे काय चाललंय?”

“भाव सांगतोय. चार बोटं दाबली बघा.”

मालक आधी दचकले, मग असे हसले, असे हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, “तीस वर्षं दुकान चालवतोय, अशी पारख कुणी केली नाही माझ्या मालाची.” त्यांनी पंचाहत्तर रुपये कमी केले आणि मोनोपॉडची पिशवी वरती दिली. पुण्यात हे घडलं, विश्वास ठेवायचा असेल तर ठेवा.

परतीची एसटी मंचरला थांबली. तिथं भिकानं शेंगा घेतल्या आणि सोलत सोलत म्हणाला, “आपल्या बापाचाबी हात हालायचा.”

हौशीराम वळला. त्यांचा बाप रखमाजी गेला तेव्हा हौशीराम सात वर्षांचा होता. त्याला बापाचा आवाजसुद्धा धड आठवत नव्हता.

“पानी पेताना निम्मं सदऱ्यावर सांडायचा. आई फडकं घेऊन उभी ऱ्हायची. पन पेरणीला पाभरीच्या रुमण्यावर, त्या मुठीवर हात ठेवला का बास. मातीत असं सरळ तास जायचं, का लोकं बांधावर थांबून बघायची. रखमाजीचं तास म्हंत्यात अजून.”

“मंग मला कुणी कसं सांगितलं न्हाई?”

“सांगण्याजोगं काय व्हतं त्यात?” भिकानं त्याच्या ओंजळीत शेंगदाणे टाकले. “हात हालायचा. तास न्हाई हाललं कवा.”

हौशीराम खिडकीकडं तोंड करून बसला. ज्या बापाचा एकही फोटो घरात नव्हता, त्या बापाकडून आलेली वस्तू आपल्या हातात आहे, हे त्याला पहिल्यांदा कळत होतं. शेंगदाणे ओंजळीत हलत होते. त्यानं ते लपवले नाहीत.

मार्गशीर्षात फेरी निघाली. मोनोपॉडनं पहिल्या दिवसापासून रंग दाखवला. चढाला अणी बाहेर काढून त्याचीच काठी करायची, वाडीवर पोचलं की रबर खाली आणून त्यावर कॅमेरा चढवायचा. दोन पाय आपले, तिसरा त्याचा. पट्टा मनगटात, पाय थोडा पुढं रोवलेला, कपाळ कॅमेऱ्याला टेकवलेलं, श्वास रोखलेला. तरी पण रोल धुवून येईपर्यंत काय खरं? कॅमेरा कधी सांगतो का, फोटो हलला म्हणून?

पाचव्या दिवशी दुपार कलताना तो उंबराच्या वाडीवर पोचला. दारातच धोंडाबाई बसली होती. पाठीचं धनुष्य झालेलं, पण डोळा तल्लख. एकाच डोळ्याचं बोलतोय मी. दुसऱ्याचं नुकतंच शिबिरात ऑपरेशन झालं होतं.

“आला का रं फोटोवाल्या?” म्हातारी उठली, त्याच्या हातातला मोनोपॉड तिनं काढून घेतला आणि घरात नेऊन दाराआडच्या कणगीमागं ठेवून दिला.

झालं! डोंगरातली रीत अशी, की पाहुणा दारात आला की त्याची काठी घरच्या बाईनं घ्यायची आणि तो जेवल्याशिवाय ती द्यायची नाही. काठीबिगर पाहुणा डोंगर कसा उतरणार?

“आई, ती काठी न्हाई. फोटोची वस्तू हाय. आधी फोटो काढू, ऊन जाईल.”

“चढावर टेकत आलास न्हवं? मी बघितला की. मंग काठीच ती. जेव, मंग देते.”

आता या म्हातारीशी कोण वाद घालणार? चूल पेटली, उडदाचं घुटं चढलं, नाचणीच्या भाकरी थापायला गेणभाऊची सून बसली. हौशीरामचा जीव अर्धा चुलीकडं, अर्धा उन्हाकडं. डोंगरात थंडीतलं ऊन कड्याआड गेलं की गेलं.

गेणभाऊ शेजारी येऊन टेकला. वर्षात म्हातारा झाला होता. “रोल खराब निघाला न्हवं गेल्या साली?” तो म्हणाला. “नशीबच म्हणायचं. तिचा एकबी फोटो न्हाई ऱ्हायला.”

हौशीरामनं पिशवीत हात घातला. ही गोष्ट करायची हे तो घरूनच ठरवून आला होता. त्यानं पाकीट काढून गेणभाऊपुढं धरलं. “रोल खराब नव्हता, गेणभाऊ. माझा हात हालला. वरीस झालं हालतोय. ह्यो घे.”

गेणभाऊनं फोटो उन्हाला धरला. सूप दिसत होतं, लुगड्याचा काठ दिसत होता, तोंड पुसल्यासारखं. बघता बघता तो भडकला. “ह्यो तुझ्यापाशी व्हता? ती जाऊन पाच महिनं झालं, आन् तू ह्यो घरात दाबून बसलास?”

“हाललेला फोटो कसा दिऊ तुला? माझं नाव...”

“तुझ्या नावाला काय जाळू? ही तिची बसायची रीत हाय. ह्यो तिचा पदर हाय. तुझं नाव मोठं, का माझी बायकू?”

हौशीरामनं मान खाली घातली. “चुकलो,” तो म्हणाला. सतरा वर्षांच्या धंद्यात हा शब्द त्यानं गिऱ्हाइकापुढं प्रथमच काढला, आणि खरं सांगायचं तर त्यापेक्षा मोठं काम त्यानं त्या सतरा वर्षांत केलं नव्हतं.

गेणभाऊ फोटो घेऊन आत गेला. देवळीतल्या देवांच्या टाकांशेजारी त्यानं तो उभा केला. बाहेर येताना डोळे पुशीत होता.

“भांडान झालं आसंल तर जेवा,” धोंडाबाई आतून ओरडली.

जेवण होऊन काठी हातात आली तेव्हा ऊन कड्याआड गेलं होतं. अंगणात नुसती राखाडी सावली. हौशीरामनं उजेड मोजला. सेकंदाचा पंधरावा भाग शटर उघडं ठेवावं लागणार. चांगला हातसुद्धा तिथं दगा देतो. फ्लॅश होता, पण ऑपरेशनच्या डोळ्यावर तो मारायला त्याचं मन धजेना.

“उद्या सकाळी काढू का?” गेणभाऊ म्हणाला.

हौशीरामला चिमाबाई आठवली. तिच्या बाबतीत तो ‘पुढच्या फेरीला’ म्हणाला होता. “न्हाई,” तो म्हणाला. “आत्ता.”

म्हातारी नव्या लुगड्यात उंबऱ्यावर बसली. हौशीरामनं अणी अंगणाच्या कडेच्या खडकावर रोवली, कडी पिळली. दोन्ही हातांनी कॅमेरा धरला, कपाळ टेकवलं. हात हलत होता, तो हलतच राहिला. पण त्याची थरथर काठीत उतरत होती आणि काठीतून खडकात मुरत होती. कॅमेऱ्यातली धोंडाबाई शांत बसली होती. त्याला वाटलं, रुमण्यावर हात ठेवल्यावर बापाला असंच वाटत असेल. त्यानं श्वास सोडला, पुन्हा अर्धा घेतला आणि बटण दाबलं.

“हालला तर?” गेणभाऊनं विचारलं.

“पैसे परत.”

“पैसं नगंत मला. मानूस दे.”

फेरी संपल्यावर हौशीराम थेट नारायणगावच्या लॅबमध्ये गेला आणि दोन दिवसांनी बंद पाकीट घेऊन घरी आला. ते उघडायचा धीर त्याला होईना. शेवटी भिकानंच पाकीट ओढून घेतलं, पडवीत सतरंजीवर फोटो मांडले आणि भिंग घेऊन एकेक तपासायला बसला, बैलाचे दात बघावेत तसा. इंद्रायणी दारात उभी होती. तिच्या हातातली कणीक वाळून गेली तरी तिला भान नव्हतं.

“ह्यात रेडकू हाललंय,” भिका म्हणाला.

“ते रेडकाचं पाप,” इंद्रायणी फटकन म्हणाली. “ह्यांचं न्हाई.”

पस्तीस फोटो बाजूला लागले. शेवटचा धोंडाबाईचा. भिकानं भिंग धरलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही. म्हातारीच्या गालावरची एकेक सुरकुती, कानातल्या बुगडीचा एकेक मणी आणि चांगल्या डोळ्यात अंगणात उभा असलेला एक बारकासा माणूस, काठीला टेकलेला. भिकानं तो फोटो हौशीरामच्या हातात दिला आणि सरळ घरात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या बगलेत पाटी होती आणि दुसऱ्या हातात हातोडी.

स्टँडवरची चहा पिणारी माणसं पेले हातात घेऊन गोळा झाली. दुकानाच्या दारावरच्या लाकडी पट्टीत जुन्या खिळ्याचं भोक मोठं झालं होतं, नवा खिळा ठोकायला लागणार होता. दोन स्टुलं आणली. एकावर भिका चढला आणि त्यानं दोन बोटांत खिळा धरला. दुसऱ्यावर हौशीराम, हातात हातोडी. हातोडी हवेत थरथरत होती आणि ती सगळ्यांना दिसत होती. वर्षभर लपवलेली ती थरथर आज गावानं पहिल्यांदा बघितली.

“दादा, बोटं काढ. लागंल तुला.”

“तू मार.”

“हात हालतोय, दादा.”

“ठाव हाय मला. खांदा हाय न्हवं माझा?”

हौशीरामनं कोपर भिकाच्या खांद्यावर टेकवलं. श्वास सोडला, पुन्हा अर्धा घेतला. आणि हातोडी मारली.

खिळा सरळ आत गेला. भिकानं बोट तसूभरही मागं घेतलं नव्हतं.